पहिल्याच वाक्याला सर्व्हर का अडकतो?

प्रश्न : वाचनालयातल्या जुन्या इंग्रजी पत्रांतून माणसांची, गावांची नावं वेचायला स्टॅनफर्डच्या कोअरएनएलपीचा (भाषेचं विश्लेषण करणारा प्रोग्राम) सर्व्हर लावला. पहिल्याच वाक्याला 'टाइमआउट', म्हणजे मुदत संपली! काय चुकलं?
– एक वाचक, दादर

उत्तर : काही चुकलं नाही. मॉडेल्स, म्हणजे नावं ओळखायला शिकवलेल्या मोठ्या फायली, पहिलं वाक्य आल्यावरच मेमरीत चढतात आणि मुदत असते 15000 मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम 15 सेकंद. परळच्या घरी माझीही एक अख्खी संध्याकाळ यातच गेली. दुसऱ्यांदा तेच वाक्य दिलं आणि उत्तर झटकन आलं, तेव्हा उलगडा झाला. सुरू करतानाच 'प्रीलोड' हा पर्याय द्या, म्हणजे मॉडेल्स आधीच चढतील; मुदत वाढवा, आणि सर्व्हर ज्यावर चालतो त्या जावाला 4 जीबी मेमरी द्या. आणि 9000 क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं दार, बाहेरच्या नेटवर्कला उघडा टाकू नका, पत्रं लोकांच्या घरची आहेत! मराठी पत्रं निघाली तर स्टॅन्झा हे स्टॅनफर्डचंच दुसरं साधन घ्या. कोअरएनएलपीला मराठी येत नाही.