स्क्रू फिरता फिरता मागेपुढे का सरकतो?

प्रश्न : काका, मी केबलसाठी पीव्हीसी कंपाउंड करणाऱ्या कारखान्यात तीन महिन्यांपूर्वी लागलो. आमच्या नीडरचा (माल मळणाऱ्या यंत्राचा) स्क्रू फिरतो आणि मागेपुढेही सरकतो. जुने ऑपरेटर म्हणतात, बेअरिंग गेलंय. मालही धक्क्याधक्क्यानं बाहेर पडतो. साहेबांना सांगू का?
— एक वाचक, मुसळगाव (सिन्नर)

उत्तर : सरकणं हा बिघाड नाही बाळा, तेच या यंत्राचं काम आहे. हाइन्झ लिस्ट यांनी १९४०च्या दशकात हे शोधलं आणि स्वित्झर्लंडच्या बुस कंपनीनं जगभर पोहोचवलं. गिअरबॉक्समधली यंत्रणा स्क्रूला प्रत्येक फेऱ्यात एकदा पुढे नेऊन मागे आणते.

कशासाठी, ते घरी करून बघ. लाटण्याला कागद गुंडाळ आणि आईला त्यावर पेन टेकवून हात स्थिर ठेवायला सांग. लाटणं नुसतं फिरवलंस तर कागदावर सरळ रेघ उमटेल. एका फेऱ्यात फिरवता फिरवता ते पुढे-मागेही सरकव आणि कागद उलगड. नागमोडी रेघ दिसेल. पेन म्हणजे बॅरलमधली, म्हणजे स्क्रूभोवतीच्या नळकांड्यातली, पिन. स्क्रूची पाती अखंड नसतात, त्यांना खाचा असतात. त्या खाचांतून पिन याच नागमोडी वाटेनं जाते आणि दोन्ही बाजूंच्या पात्यांना जवळजवळ घासत जाते. त्या फटीत माल चेपतो, ताणला जातो, खाचेतून मागे पडून पुन्हा पुढच्या मालात दुमडतो. कणीक मळतानाही तू नुसती गोल फिरवत नाहीस ना? शिवाय पाती पिन पुसत राहतात, त्यामुळे पीव्हीसी तिथे चिकटून जळत नाही.

धक्क्यानं माल पडतो, तोही याच हालचालीमुळे. म्हणून पुढे माल एकसारखा बाहेर ढकलायला वेगळा डिस्चार्ज स्क्रू किंवा गिअर पंप लावतात. धक्के घालवायला वेग वाढवत बसू नकोस.

खरी भीती टायमिंगची, म्हणजे फिरणं आणि सरकणं यांचा मेळ चुकण्याची. तीस वर्षांपूर्वी अंबडच्या एका कारखान्यात आम्ही गिअरबॉक्स उघडून परत बसवला. स्क्रू कपलिंगवर (गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या दातेरी सांध्यावर) एकच दात चुकून बसला होता. रात्रपाळीची घाई होती, मी पाव फेरा हातानं फिरवला, काही लागलं नाही, आणि ‘चालू करा’ म्हणालो. पाती पुढच्या वळणावर पिनवर आदळली. तो आवाज अजून कानात आहे. तीन पिना मोडल्या, आणि तुकडे मालात गेले असतील म्हणून सगळी बॅच टाकावी लागली. वाट एका फेऱ्यात पूर्ण होते, म्हणून हातानं निदान एक पूर्ण फेरा घ्यायचाच. आता मी बॅरल उघडं असताना पिन आणि पात्याच्या मधे शिशाची तार ठेवतो, फेरा घेतो आणि चेपलेली तार मायक्रोमीटरनं मोजतो. दोन्ही बाजूंची फट मशीनच्या पुस्तकात दिली आहे तशी भरली पाहिजे.

बेअरिंगची शंका मात्र सोडू नकोस. मशीन बंद कर, मेन स्विचला कुलूप घाल, किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. शाफ्टवर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मोजमाप) लाव आणि स्क्रू न फिरवता पहारीनं हलकेच पुढे-मागे रेट. काटा पुस्तकातल्या मर्यादेपलीकडे गेला, तर आकडा वहीत लिही आणि ती वही घेऊनच साहेबांकडे जा.