पॉलीफॉस्फेट (फॉस्फेटची लांब साखळी) तेच, कॅल्शियम तेच. मग कधी नॅनोकण तर कधी चिकट लगदा का मिळतो?

फरक मुख्यतः पीएचचा आहे: कॅल्शियम भरपूर घेऊन पीएच १० च्या आसपास ठेवलात तर नॅनोकण मिळतात, ७ च्या आसपास कोअॅसर्व्हेट, म्हणजे पाण्यापासून वेगळा झालेला दाट द्रव. साखळीतल्या फॉस्फेटवर ऋण भार असतो आणि कॅल्शियम साखळ्यांना एकमेकींशी बांधतो. पीएच १० ला कणांच्या पृष्ठभागावर पुरेसा ऋण भार उरतो, म्हणून ते एकमेकांना ढकलून सुटे राहतात. ७ ला तो कमी पडतो आणि सगळे एकजीव होतात. फोंड्यात पदवीच्या मुलांकडून मी हे करून घेतो. कॅल्शियम क्लोराइड थेंब थेंब सोडलं की द्रावण आधी दुधाळ होतं, मग तळाशी पाक बसतो. काचेच्या कांडीने उचललात तर माडाच्या गुळासारखी तार सुटते. आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र कॅल्शियम क्लोराइड फार लवकर ओल धरतं, बाटली उघडी राहिली की वजन चुकलंच!

औषधासाठी दोन्ही रूपं लागतात. नॅनोकण टिकाऊ; जखमेतल्या प्रथिनांशी गाठ पडली की त्यांचंच कोअॅसर्व्हेट होतं, पेशी त्यात शिरतात, अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) साखळी तोडतं आणि सुटलेली ऊर्जा एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जा पुरवणारं रसायन, बनवायला वापरली जाते. जर्मनीतल्या माइन्झच्या म्युलर, श्र्योडर आणि वांग या संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. पण साखळीची लांबी बघूनच निवडा: पॉलीफॉस्फेट रक्त गोठायला चालना देतं आणि ती किती, हे लांबीवर ठरतं; आपल्या प्लेटलेटसुद्धा साधारण ६० ते १०० फॉस्फेटच्या साखळ्या सोडतात.