चप्पल आधी पडते की कागद? : विज्ञानाच्या घरगुती शंका

प्रश्न : ताई, मुलगी चौथीत आहे. मी तिला म्हटलं की हलकी असो वा जड, वस्तू एकाच वेगाने खाली पडतात. तर तिने पलंगावर उभं राहून चप्पल आणि कागद एकदम सोडला, अर्थातच चप्पल आधी पडली, आणि आता म्हणते आई तुला काही येत नाही. काय सांगू? (एक आई, नाशिक)

उत्तर : आधी तिला शाबासकी द्या, कारण तुम्ही नियम सांगितला आणि तिने तो तपासून बघितला. तुमचा नियम खरा आहे पण हवा मध्ये आली नाही तरच, आणि हे वाक्य आपण मोठे लोक नेमकं गाळतो. आता दोन सारखे कागद घ्या, एकाचा चोळामोळा करून घट्ट गोळा करा आणि दोन्ही एकदम सोडा. वजन तेवढंच, तरी गोळा आधी पडतो! म्हणजे भानगड वजनाची नाहीये, पसरट कागदाला हवा जास्त अडवते. मग जाड पुस्तकावर त्याच्याहून लहान कागद ठेवा, न चिकटवता, आणि पुस्तक सपाट धरून सोडा, कागद पुस्तकाबरोबरच खाली जातो कारण समोरची हवा पुस्तकच बाजूला सारतं. यावर बरीच मुलं म्हणतात "पुस्तकाने ओढून नेला", तर म्हणू दे, लगेच खोडून काढू नका, त्यालाच विचारा की हे कसं तपासशील.

नंतर अपोलो 15 चा व्हिडिओ दाखवा. 1971 साली डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस सोडलं, तिथे हवा नाही, दोन्ही एकदमच खाली पोचले. पडतात मात्र सावकाश, कारण चंद्राचं गुरुत्वाकर्षण आपल्या साधारण एक षष्ठांश.

आणि पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने गोळे टाकल्याची गोष्ट प्लीज जपून सांगा, त्याने तसं केल्याचा पक्का पुरावा नाही. त्याने उतारावरून गोळे घरंगळत सोडून वेळ मोजला होता हे मात्र खरं, आणि ते घरी जमतं. फळीला थोडा उतार द्या, एक मोठी आणि एक छोटी काचेची गोटी सोडा, जवळपास एकदमच पोचतात. टेबल टेनिसचा बॉल घेऊ नका हं, तो आतून पोकळ, त्याचं घरंगळण्याचं गणित वेगळं, तो मागे पडतो आणि मग तुम्हीच परत अडकाल.

प्रश्न : थंड पाण्याच्या स्टीलच्या ग्लासला बाहेरून पाणी येतं, मुलगा (तिसरी) म्हणतो ग्लास पाझरतो. हवेतली वाफ म्हटलं तर म्हणतो दाखव कुठे आहे. (पुणे)

उत्तर : ज्या घरात माठ आहे तिथल्या मुलाने असं म्हणणं अगदी साहजिक, माठ खरंच पाझरतो की! त्यामुळे तो चुकलाय असं न म्हणता ग्लासात पाण्याऐवजी बर्फ घातलेलं कोकम सरबत भरा आणि बाहेरचे थेंब पांढऱ्या रुमालाने पुसायला लावा. रुमाल लाल होत नाही. तरी ऐकलं नाही तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा, बर्फाचा ग्लास झाकण लावून त्यावर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. थोड्या वेळाने वजन वाढलेलं दिसतं, पाझरला असता तर आतलंच पाणी बाहेर आलं असतं आणि वजन होतं तेवढंच राहिलं असतं. मला स्वतःला हा काट्याचा प्रयोग सगळ्यात आवडतो. फक्त पावसाळ्यात करा, कोरड्या उन्हाळ्यात हवेत वाफच कमी असते त्यामुळे आकडा हलायला वेळ लागतो आणि मुलं कंटाळतात. वाफ डोळ्यांना दिसतच नाही, चहाच्या आधणावर जे पांढरं दिसतं ते पाण्याचे बारीक थेंब असतात.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. लेकीला तिसरीतच बॅलन्स्ड फोर्सेस (एकमेकांना तोलून धरणारी बलं) आहेत. टेबल पुस्तकाला वर ढकलतं हे तिला पटत नाही, म्हणते टेबल तर नुसतं उभंय.

उत्तर : नववी-दहावीच्या मुलांनाही पटत नसतं, तिला घाई करू नका. पुस्तक आधी तिच्या पसरलेल्या तळहातावर ठेवा, हात स्थिर ठेवायला तिला वर जोर लावावा लागतो तो तिला जाणवतो. मग तेच पुस्तक स्पंजवर ठेवा, स्पंज दबतो. मग दोन डब्यांवर आडव्या ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर, पट्टी वाकते. टेबलही असंच दबतं, इतकं थोडं की दिसत नाही, आणि दबलेली वस्तू परत ढकलते. हात, स्पंज, पट्टी, टेबल हा क्रम बदलू नका, एकदम टेबलावर उडी मारली की गाडी अडते.

प्रश्न : जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू कळतं, हा आमच्या वेळचा नकाशा नातवाला शिकवू का? (एक आजी, कोल्हापूर)

उत्तर : नको आजी. 1901 मधल्या एका जर्मन प्रयोगातले अगदी किरकोळ फरक पुढे फुगवून हा नकाशा तयार झाला. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. नातवाला साखर आणि मीठ टोकावर, कडेला, जरा मागे असं लावून बघू दे, तोच सांगेल.

प्रश्न : झेडपीच्या शाळेत चौथीला शिकवतो. हृदयाचा तक्ता आहे, बाकी साहित्य काहीच नाही.

उत्तर : सर, तक्ता नंतर लावा. कणकेची छोटी गोळी करून त्यात खराट्याची बारीक काडी खोचायची आणि मनगटावर नाडी लागते तिथे ठेवायची, हात बाकावर स्थिर. काडी ठोक्याठोक्याला डुलते, वर्गात नुसता गलका होतो! 30 सेकंद मोजून दुप्पट करायला लावा, मग जागेवर उड्या मारून परत मोजायला. आकडा वाढला की तुम्ही काही न सांगता कुणीतरी का म्हणून विचारेलच, तेव्हा सांगा की स्नायूंना ऑक्सिजन जास्त लागतो आणि तो रक्तातून पोचतो. मोठ्यांचे ठोके मिनिटाला साधारण 72 म्हणतात, मुलांचे त्याहून जास्त भरतात, घाबरू नका.

ठोके ऐकायचे तर वहीच्या पुठ्ठ्याची नळी पुरते. 1816 साली पॅरिसमध्ये लायनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाचीच गुंडाळी करून एका पेशंटचं हृदय ऐकलं, स्टेथोस्कोप तिथूनच सुरू झाला. तेवढं फॅन आणि शेजारचा वर्ग शांत असताना करा, नाहीतर काहीच ऐकू येत नाही. आणि कणीक घट्ट मळा, सैल असली की काडी आडवी होते.