व्हायझरला अभ्रा शिवा, वरून चिकटवू नका

प्रश्न : गाडी बारा वर्षं जुनी आहे, इंजिन वगैरे ठणठणीत आहे पण ड्रायव्हरच्या बाजूचा सन व्हायझर पार गेलाय. कडेचं कापड सुटून लोंबतंय आणि व्हायझर खाली ओढला की पिवळा भुगा अंगावर पडतो, परवा तर गाडी चालवतानाच डोळ्यात गेला. त्यावरच नवीन कापड चिकटवून टाकलं तर चालेल का? घरी शिलाई मशीन आहे, साधंसुधं शिवता येतं.

उत्तर : नाही चालणार. आधीच स्पष्ट सांगते कारण मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं, जुन्यावरच कापड ताणून बसवलं, स्प्रेचा गोंद मारला, आठ दिवस इतकं छान दिसत होतं की विचारू नका, आणि मग एका दुपारी गाडी उन्हात राहिली तर मधोमध हा एवढा फुगा आला. कापडाचा दोष नव्हता. तुमच्या अंगावर पडतोय तो पिवळा भुगा म्हणजे कापडामागचा फोम आहे, पॉलियुरेथेनचा, वर्षानुवर्षं ऊन आणि दमट हवा खाऊन तो असाच कुजतो. वरून गोंद लावला की गोंद धरतो त्या भुग्याला, आणि भुगा कशालाच धरून नसतो. त्यात उन्हात बंद उभ्या गाडीत आतलं तापमान 60 अंशांच्या वर सहज जातं, तेव्हा साधा स्प्रेचा गोंद मऊ पडतो. म्हणून जुनं सगळं काढायचं आणि उशीला घालतो तसा अभ्रा शिवायचा. ताण शिवणीने धरला पाहिजे, गोंदाने नाही.

व्हायझर काढणं सोपं आहे. दांडी जिथे छतात जाते तिथे दोनतीन स्क्रू असतात, कधी वर छोटं झाकण असतं ते नखाने उचकटायचं. बऱ्याच गाड्यांत स्क्रूला सहा टोकांची खाच असते, टॉर्क्स म्हणतात त्याला, साधा स्क्रूड्रायव्हर त्यात घालून जोर केला तर खाच गोल होऊन बसते आणि मग तो स्क्रू कोणाच्या बापाला निघत नाही. योग्य बिट आणा. आरशाला लाइट असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग व्हायझरच्या वायरचा कनेक्टर सोडवा. काचेच्या बाजूच्या खांबाचं प्लास्टिक आणि छताची कड मात्र उचकटू नका, कर्टन एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाड्यांत ती तिथेच घडी घालून ठेवलेली असते.

दोन्ही व्हायझर काढणार असाल तर आधी फोटो काढा आणि मागे डावा-उजवा लिहून ठेवा, दिसायला सारखे असले तरी ते आरशातल्या प्रतिबिंबासारखे एकमेकांच्या उलट असतात. व्हायझरची कड कागदावर आखून कापलेला नमुना एकच पुरतो, दुसऱ्यासाठी तो पालथा करायचा.

आता उसवणं. जुन्या पद्धतीच्या व्हायझरची कड उष्णतेने दाबून जोडलेली असते, ती ब्लेडने कडेकडेने कापायची. नव्या गाड्यांत बहुतेक प्लास्टिकचे दोन अर्धे एकात एक अडकवलेले असतात आणि कापडाची कड मध्ये दाबलेली असते, असा व्हायझर आधी थोडा वेळ उन्हात ठेवा, गार प्लास्टिकचे लॉक पटकन तुटतात. मग जुना फोम कोरड्या ब्रशने घासून काढायचा, घराबाहेर आणि तोंडाला मास्क लावूनच, तो भुगा नाकातोंडात जाऊ देऊ नका. थिनर वापरायचा मोह होतो पण आतला गाभा फोमचा असला तर काही फोम थिनरने वितळतात, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थेंबभर लावून बघा.

कापड घेताना गाडीच्या छताला लावतात ते घ्या, त्याला मागे साधारण 3 मिलिमीटर फोम असतोच, किंवा मागे विणीचं कापड असलेलं ताणलं जाणारं रेक्झिन. पडद्याचं उरलेलं कापड नको. उन्हात विटतं हे एक, आणि मुख्य म्हणजे गाडीतल्या कापडाला आग किती वेगाने पसरते याची मर्यादा असते, अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस 302 या नियमात ती मिनिटाला 102 मिलिमीटर आहे, पडद्याचं कापड त्या कसोटीतून गेलेलं नसतं. चकचकीत रेक्झिनही नको, ऊन परावर्तित होऊन डोळ्यावर येतं.

बेतताना कागदाच्या नमुन्याभोवती 1 सेंटिमीटर माया सोडा पण ताणणारं कापड असेल तर टीप नमुन्याच्या दोनेक मिलिमीटर आत घाला, सैल अभ्रा झाला की सुरकुत्या कायमच्या. रेक्झिनला टाचण्या लावू नका! एकदा भोक पडलं की ते बुजत नाही, म्हणून कपड्यांचे चिमटे लावायचे आणि उसवायची वेळ येऊ नये म्हणून आधी जुन्या चादरीच्या तुकड्याचा अभ्रा शिवून घालून बघायचा. हा अर्धा तास अजिबात वाचवू नका. मशीनला 16 नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा (सुती उन्हात कुजतो), टाका 3 ते 4 मिलिमीटरचा. सुलट बाजू आत ठेवून तीन बाजू शिवा, गोलाईवर मायेला कात्रे द्या, टिपेच्या अलीकडेच थांबा, मग उलटवून गाभ्यावर चढवा. उघडी बाजू छताकडे राहील अशी धरून हाताने लपत्या टाक्यांनी बंद करा. प्लास्टिकच्या दोन अर्ध्यांचा असेल तर शिवणच लागत नाही, प्रत्येक अर्ध्याची कड आत दुमडून तेवढ्यालाच उष्णता सोसणारा गोंद लावायचा, दोन्ही बाजूंना लावून हाताला ओलं लागेनासं झालं की मगच दाबायचं.

प्रश्न : माझ्या व्हायझरवर एअरबॅगचं पिवळं स्टिकर आहे आणि आरसाही आहे. नवीन कापडाखाली दोन्ही झाकलं जाईल, मग काय करायचं?

उत्तर : आरसा बहुतेक वेळा फ्रेमसकट निघतो, अभ्रा चढवल्यावर त्या जागी मधून बाहेर अशा चिरा देऊन कड आत दुमडायची आणि फ्रेम परत दाबून बसवायची. आरशासाठीचं भोक आधीच मोठं कापू नका, कापड ताणलं की भोक आपोआप मोठं होतं.

स्टिकर मात्र झाकू नका हो. पुढच्या सीटला एअरबॅग चालू असताना बाळाची मागे तोंड असलेली सीट तिथे लावायची नाही, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि एअरबॅग उघडली तर बाळाच्या जिवावर बेततं. गाडी उद्या दुसऱ्याकडे गेली तर त्याला हे कुठून कळणार? ते स्टिकर दिसेल अशी खिडकी कापडात ठेवा, नाहीतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नवीन मिळतं का विचारा. आणि व्हायझरमध्ये स्टेपलच्या पिना वापरू नका, तो डोक्यासमोरच असतो.

प्रश्न : कापड फाटलेलं नाही, फक्त हात लागतो तिथे काळपट झालंय. तरी बदलायचं का?

उत्तर : नका बदलू. तो हाताचा आणि केसांचा तेलकटपणा आहे. भांड्याच्या साबणाचा नुसता फेस मऊ ब्रशवर घ्या, हलक्या हाताने फिरवा, ओल्या फडक्याने टिपून घ्या. पाणी ओतायचं नाही, आत पुठ्ठा असेल तर तो फुगतो आणि वाकडा होतो. रात्रभर दार उघडं ठेवता येत नसेल तर सकाळीच करा म्हणजे दिवसभरात वाळेल.