'नामवंत माजी विद्यार्थी'चं पान

प्रिय मित्रा,

स्मरणिकेसाठी केलेली तुझी यादी वाचली. नावं दणदणीत आहेत, पण कोण कोणत्या साली शाळेत होतं, हे एकाही नावापुढे नाही. 'आमच्याच शाळेचा' म्हणणाऱ्या शाळा मुंबईत गल्लोगल्ली सापडतील. त्यामुळे आधी ऑफिसात जाऊन जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदीची वही, बघ.

बाबासाहेबांचंच घे. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. त्याच तारखेला आपण विद्यार्थी दिवस पाळतो. तिथे 'भीमराव' शोधत बसलास तर हाती काही लागायचं नाही. मॅट्रिक मात्र ते १९०७ साली मुंबईत, एल्फिन्स्टन हायस्कूलमधून झाले. दोन्ही शाळांचा हक्क खरा. नावापुढे साल घातलं की वाद मिटतो.

सचिनही आधी वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा. क्रिकेट प्रशिक्षक आचरेकर सरांच्या सांगण्यावरून तो दादरच्या शारदाश्रम शाळेत आला. फेब्रुवारी १९८८ मधली हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेतली ६६४ धावांची भागीदारी सगळ्यांना पाठ आहे: सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. त्या वेळी पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला होता, तो अमोल मुझुमदार. पुढे रणजी पदार्पणात २६० धावा, मुंबईचं कर्णधारपद, तरीही भारताची टोपी मिळाली नाही. 'देशाकडून खेळलेले' अशी चाळणी लावणाऱ्याने त्याला केव्हाच गाळला असता. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक तोच होता. तुझी चाळणी जरा मोठ्या भोकांची ठेव.

आणि हो, तुझ्या यादीत बायका इतक्या कमी कशा? शाळेत काय फक्त मुलगेच हुशार होते? लग्नानंतर आडनाव बदलतं, रजिस्टरात माहेरचं राहतं, आणि जोडणी कुणी करत नाही. त्यांच्या वर्गमैत्रिणींना फोन लाव. एकीकडून दहा नंबर मिळतात.

मुख्याध्यापकांचं परवानगीचं पत्र आधी घे, नाहीतर क्लार्क कपाटाला हात लावू देणार नाहीत. जुनी पानं कडेला तुटतात, सांभाळून उलट. जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत अशी दोनदा असते. आकडा पुसट असेल तर अक्षरं वाच. सगळं वहीत उतरव, घरचे पत्ते मात्र छापू नकोस.

तुझा,
सर