वाचक विचारतात: लाकडी पाटीला जुनेपण आणायचं कसं?

गेल्या अंकात दारावरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. त्यातले चार प्रश्न घेतेय. पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न (चिपळूण): आजोळचं घर दुरुस्त करून घेतलं. ओटीवर लावायला 'शांतिसदन' अशी पाटी मला स्वतःच्या हाताने रंगवायचीय. जुन्या कवाडाची सागवानी फळी मिळालीय, तीन फूट लांब आणि दहा इंच रुंद. आधी एका साध्या फळीवर ट्रायल घेतली, हिरवा रंग, वर पिवळी अक्षरं आणि वाळल्यावर सगळीकडून पॉलिश पेपर मारला. पण ती जुनी वाटतच नाही, नव्या पाटीवर कोणीतरी ओरखडे काढल्यासारखी दिसते. काय चुकलं?

उत्तर: ताई, 'सगळीकडून' हा शब्द तुम्हीच लिहिलाय आणि चूक नेमकी तिथेच आहे. चाळीस-पन्नास वर्षं दारावर राहिलेली पाटी सगळीकडून सारखी कधीच झिजत नाही. आम्ही लहानपणी ज्या वाड्यात राहायचो तिथे जिन्याच्या दाराशी एक पाटी होती, नुसत्या लाकडावर पांढऱ्या ऑइल पेंटने लिहिलेली. वरची पट्टी पागोळीच्या आडोशाला असल्यामुळे तिथलं लाकूड तांबूस राहिलेलं, खालचे दोन इंच पावसाच्या शिंतोड्यांनी करडे पडलेले, दोन्ही खिळ्यांखाली गंजाचे ओघळ, आणि डावा कोपरा येणाजाणाऱ्यांचे हात लागून गुळगुळीत झालेला. सगळ्यात भारी म्हणजे रंगाने खालचं लाकूड राखलं होतं आणि आजूबाजूचं झिजून खाली गेलं होतं, त्यामुळे अक्षरं बोटाला उंच लागायची, डोळे मिटून हात फिरवला तरी नाव वाचता यायचं. मी ते रोज करायचे.

तर ब्रश हातात घ्यायच्या आधी फळी ओटीवर नुसती धरून बघा. झड कुठून येते, ऊन कुठल्या कोपऱ्यावर पडतं, दार उघडताना हात कुठे लागेल, हे पेन्सिलीने फळीच्या मागे लिहून ठेवा. झीज फक्त तिथेच करायची, बाकीची पाटी शाबूत राहू द्यायची. शाबूत भाग असतो म्हणून झिजलेला भाग खरा वाटतो.

आता फळीचं. सुताराला देऊन रंधा मारून घेऊ नका हो, जे मिळवायला आपण एवढी धडपड करणार ते तो दहा मिनिटांत भुशात घालवेल. तारेच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासा, मऊ भाग निघून कडक रेषा वर येतात. पण फळीवर जुना रंग असेल तर तो कोरडा घासायचा नाही, ब्रशनेही नाही आणि पॉलिश पेपरनेही नाही, कारण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरवणारा नियम २०१६ सालचा आहे, तुमचं कवाड त्याच्या कितीतरी आधीचं असणार. आधी वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओलं घासून तो रंग काढा, तोंडाला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा आणि निघालेला गाळ अंगणात न टाकता कागदात गुंडाळून टाका. सागवान तेलकट असतं, म्हणून रंगाआधी थिनरच्या फडक्याने एकदा पुसून घ्यायचं, नाहीतर रंग नीट धरत नाही.

पहिला हात गडद तपकिरी द्या. तो पूर्ण वाळला की साधी पांढरी मेणबत्ती घेऊन झीज दाखवायच्या जागांवर घासा, म्हणजे कडा, खालची बाजू, हात लागणारा कोपरा. मग वरून हिरवा. जिथे मेण आहे तिथे हिरवा रंग पकड घेत नाही, नंतर हलकं घासलं की तिथूनच सुटतो आणि खालचा तपकिरी दिसतो, अगदी ऊनपावसाने रंग उडाल्यासारखा.

आणि आता अक्षरं, ज्यासाठी मी हे उत्तर एवढं लांबवलंय. जुनं दिसावं म्हणून लोक मुद्दाम वेडीवाकडी, थरथरत्या हाताने काढल्यासारखी अक्षरं काढतात. तसं करू नका. जुने पेंटर उत्तम लिहायचे! खडू लावलेला दोरा ताणून टिचकी मारायची, शिरोरेषेची सरळ रेघ उमटते, डाव्या हातातल्या काठीवर मनगट टेकवायचं आणि एका दमात काना खाली ओढायचा. अक्षर आधी जितकं चांगलं काढाल तितकी त्याची झीज नंतर सुंदर दिसते. मात्रा, वेलांटीला वर आणि उकाराला खाली जागा लागते हे विसरू नका. दहा इंच फळीत शिरोरेषा वरून साधारण साडेतीन इंचांवर घ्या, अक्षराचं अंग साडेतीन इंच ठेवा, बाकी खाली मोकळं सोडा. अंगणाच्या फाटकातूनही आरामात वाचता येईल.

चांगल्या उन्हात दोन-तीन दिवस वाळू द्या (पावसाळ्यात हे काम काढूच नका). मग आधी १२० नंबरचा पेपर आणि नंतर २२०, रेषांच्या दिशेने आणि फक्त पेन्सिलीने ठरवलेल्या जागी. मेणाचे कण राहिले असतील तर थिनरच्या फडक्याने अगदी हलकेच पुसा, मेणावर वार्निश बसत नाही. शेवटी ट्यूबमधला तपकिरी ऑइल कलर, बर्न्ट अंबर म्हणतात तो, जवसाच्या तेलात आणि टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे फासा आणि लगेच पुसून टाका, खाचाखोचांत राहील तेवढाच ठेवायचा. हे सुकायला चांगले चार-पाच दिवस द्या, मग वरून मॅट वार्निश, चकचकीत वार्निशने सगळी मेहनत वाया जाते.

एक गोष्ट मनापासून सांगते, जवसाच्या तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना गरम होतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न (नाशिक): व्हिनेगर आणि तारेच्या घासणीचं पाणी लावलं की लाकूड जुनं दिसतं असं वाचलं. पॅकिंगच्या खोक्याच्या पाइनवर लावलं तर काहीच झालं नाही, नुसता वास आला.

उत्तर: दोन कारणं असणार. पहिलं, भांडी घासायची चमकणारी तार बहुतेक वेळा स्टेनलेसची असते, ती व्हिनेगरमध्ये विरघळत नाही. हार्डवेअरच्या दुकानात साधं लोखंडी स्टील वूल मिळतं ते घ्या किंवा मूठभर गंजके खिळे चालतील. स्टील वूल आधी साबणाने धुवा, त्याला तेल असतं. अर्धा लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवायचं आणि झाकण घट्ट लावायचं नाही कारण आत गॅस तयार होतो. मग जुन्या सुती कपड्यातून गाळून घ्या.

दुसरं कारण लाकडात आहे. हा काळपटपणा येतो तो लोह आणि लाकडातलं टॅनिन (लाकडातला तुरट अंश) एकत्र आल्यामुळे, आणि पाइनमध्ये टॅनिन फारच कमी. म्हणून आधी ते बाहेरून द्यायचं. सगळे चहा सांगतात, दोन कप पाण्यात चार चमचे पावडर चांगली उकळायची, लावायची, वाळू द्यायची, त्यावर लोखंडाचं पाणी. चहाने काम होतं. पण मला विचाराल तर हिरडा घ्या. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत लोक वेचतात तोच, काष्ठौषधीच्या दुकानात पावडर मिळते. कलमकारीचे कारागीर कापड आधी हिरड्यात बुडवतात आणि मग लोखंड-गुळाच्या पाण्याने काळी रेघ काढतात, त्यामागेही हीच क्रिया आहे. पहिल्यांदा फळीवर करून बघितलं तेव्हा लोखंडाचं पाणी लावलं, पाच मिनिटं काहीच नाही, आणि मग डोळ्यांदेखत पिवळट लाकूड करडं होत होत जवळजवळ काळं झालं. त्यामुळे पाणी पातळच लावा आणि आधी मागच्या बाजूला ट्रायल घ्या.

आणि हो, खोक्याच्या किंवा पॅलेटच्या फळीवरचा शिक्का बघून घ्या. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेली, ती घरात आणू नका.

प्रश्न (सोलापूर): जुन्या वळणाची मराठी अक्षरं कुठून घ्यायची? कॉम्प्युटरवरून प्रिंट काढून ट्रेस केली तर घरातले म्हणाले हे हिंदी वाटतंय.

उत्तर: घरातले बरोबर आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. आपला ल दोन पाकळ्यांचा, आपल्या श ला डोक्याशी गाठ. राज्य सरकारने २००९ साली वर्णमाला ठरवून दिली त्यातही ही मराठी वळणं आहेत. पाटीवर नावात एकच ल असला तरी चुकीचा ल लांबून डोळ्यात खुपतो, म्हणून प्रिंट काढलीत तरी ही दोन अक्षरं हाताने बदला. नमुन्यासाठी जुनी पोथी किंवा पंचांग शोधा. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तकं अजून घराघरांत, जुन्या वाचनालयांत सापडतात, त्यांचे टाइप बघत बसावे असे आहेत. अक्षराचा फोटो काढून मोठा करा, कागदाच्या मागे पेन्सिल घासा आणि फळीवर गिरवा.

प्रश्न (पुणे): फेविकॉलने रंगाला भेगा पाडता येतात का? पाटी दुकानाबाहेर लागणार आहे.

उत्तर: पडतात, आणि छान पडतात. खालचा रंग वाळला की फेविकॉलचा हात, तो चिकट असतानाच वरून अ‍ॅक्रिलिक, गम जाड तर भेगा मोठ्या. पण हे आतल्या भिंतीसाठी. साधा फेविकॉल पाण्याने मऊ पडतो, एका पावसात वरचा रंग सालीसारखा सुटून येईल. बाहेरच्या पाटीला मेणबत्तीच बरी. नाहीतर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, भेगा पडलेल्या रंगाची एखादी फळी तिथे आयती मिळेल. तिला न घासता वरून वार्निश द्या आणि मोकळ्या जागेत नाव लिहा.