आजीच्या डब्यातले रुपये

डब्यात इंग्रजांच्या काळातले राणीछाप रुपये सापडले म्हणून हुरळू नका, आणि चिंच लावून घासूही नका. चकाकी येते, पण किंमत जाते. हे मी स्वतः करून पस्तावलोय.

आधी साल बघा. १८६२ ते १९३९ चा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९४७ चे रुपये निकेलचे, चुंबकाला चिकटतात! ज्यावर वाघ आहे तो १९४७ चा. त्यात चांदी शोधू नका.

दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. वजन फार कमी भरलं तर नकली असण्याची शंका घ्या.

व्हिक्टोरिया आणि पंचम जॉर्जचे बरेचसे रुपये चांदीच्या भावाच्या आसपासच जातात. १९११ च्या रुपयाला थोडं जास्त मिळतं, कारण राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसला म्हणून तो मागे घेतला होता. १९३९ चा खरा दुर्मिळ, म्हणूनच त्याच्या नकला उदंड; जाणकाराला दाखवल्याशिवाय व्यवहार नको. हारासाठी कडी डाकलेलं नाणं मात्र मोडीच्या भावातच धरा.